धोट्याची झोप

आमच्या कोष्टी मोहल्ल्यातली दोन माणसं कुठेही भेटली, लग्नात म्हणा, दवाखान्यात म्हणा, साकोलीच्या बस स्टँडवर म्हणा, की पाच मिनिटांत धोट्याचा विषय निघतोच. मग एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो आणि बस निघून जाते.

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. मागाखाली धाग्यांचे तुकडे साचतात तसे ते साचतात. रोज झाडून काढा, तरी वर्षाला एक उशी भरेल एवढे निघतातच. माझी माय खरोखर त्यांच्या उशा भरायची. पण ज्याचे हे किस्से, त्याला झोपायला उशी लागायची नाही. त्याला जे लागायचं, ते ऐकलं तर तुम्ही म्हणाल, कुसुमबाई, थापा मारू नका!

धोट्या म्हणजे आमचा कुत्रा. गाव पवनी, आणि काळ सत्तर-ऐंशीच्या दशकांचा. आमच्या बोळात पाच घरं आणि पाच हातमाग. सकाळ झाली की पाचही माग सुरू. खटक-खट, खटक-खट. बाहेरचा पाहुणा पहिला दिवस डोकं धरून बसायचा. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही. बंद झाला की मात्र लगेच ऐकू यायचा!

ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. खाली पायांनी पावड्या दाबायच्या, वर हातानं दोरी ओढायची, की लाकडी धोटा ताण्याच्या, म्हणजे उभ्या ताणलेल्या, धाग्यांमधून इकडून तिकडे पळतो. धोट्याच्या पोटात असते कांडी, म्हणजे धागा गुंडाळलेली नळी. कांड्या भरायचं काम बायकांचं. आमच्या घरी माय मागाच्या डाव्या बाजूला चरखा घेऊन बसायची. दिवसभरात ती आणि बाबा चार वाक्यंही बोलत नसत. पण कांडी संपली की बाबांचा डावा हात न बघता बाजूला जायचा, आणि त्या हातात भरलेली कांडी आलेली असायची. मी लहानपणी समजायचे की सगळ्यांच्या आईवडिलांचं असंच असतं.

*

एका थंडीच्या सकाळी बाबा मागावर बसले, पाय खड्ड्यात सोडले आणि किंचाळले.

आमचे बाबा, सदाशिवभाऊ, म्हणजे मोहल्ल्यातला सगळ्यात शांत माणूस. ते खड्ड्यातून अशी उडी मारून बाहेर आले की समोरच्या घरचे नारायणकाका पुढे कित्येक वर्षं सांगायचे, "सदाभाऊ एवढा उंच उडाला, त्याची टोपी आढ्याले लागली!"

"साप! साप!" बाबा ओरडत होते.

"गरम लागला का थंडा?" मायनं विचारलं. ती चरख्यावरून उठलीसुद्धा नव्हती.

बाबा विचारात पडले. "गरम."

"मंग साप नाही होय."

तिनं वाकून खड्ड्यात हात घातला आणि मानगूट धरून एक पिल्लू बाहेर काढलं. भुरकट सोनेरी रंगाचं, अगदी कोशाच्या रेशमासारखं. बाहेरच्या थंडीला कंटाळून ते कधीतरी आत शिरलं असणार.

"सोडून ये त्याले नदीवर," बाबा म्हणाले.

"राहू द्या ना अजी. तुमचेच पाय गरम राहतीन."

पिल्लू राहिलं. पायात बळ आल्यावर ते घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर नुसतं पळायचं. म्हणून नाव पडलं धोट्या. आणि झोपायची जागा ठरली ती कायमची, खड्ड्यात, बाबांच्या पायावर हनुवटी टेकून.

*

आता खरी गंमत. पाचही माग धडाडत असले की धोट्या डाराडूर झोपायचा. एक माग थांबला की जागा!

नुसता जागा नाही. खड्ड्यातून बाहेर यायचा, अंग झटकायचा, कोणाचा माग थांबला ते कानानं ओळखायचा आणि थेट त्या घराच्या उंबऱ्यात जाऊन बसायचा. मग भुंकणं सुरू. माग सुरू होईपर्यंत! सुरू झाला की परत येऊन बाबांच्या पायावर.

सगळ्यात जास्त हाल नारायणकाकांचे. त्यांना दर अर्ध्या तासानं बिडी लागायची. बिडी पेटली की दारात धोट्या हजर.

"अबे, बिडी तं पिऊ दे! माह्या बापानं मले एवढं नाही टोकलं!"

माय आपल्या चरख्यावरूनच ओरडायची, "तो तुमाले नाही टोकून राहिला भाऊजी! त्याची झोपमोड झाली, ते सांगून राहिला!"

मोहल्ल्यात त्याला सगळे सुपरवायझर म्हणायला लागले. खरा, विणकर सोसायटीचा सुपरवायझर महिन्यातून एकदा यायचा आणि चहा पिऊन जायचा. हा बिनपगारी, आणि चहाही पीत नव्हता.

शेवटी काकांनी अक्कल लढवली. साकोलीहून त्यांचा साळा आला होता. साकोलीला हायवेवर त्याचं सायकलचं दुकान. मागावर जन्मात बसला नव्हता. काकांनी त्याला खड्ड्यात बसवलं. "काही नाही, सायकलसारखंच आहे समज. खाली पाय दाबत राह्य, वर दोरी ओढत राह्य. मी दहा मिनिटात आलो." आणि काका गेले पानठेल्यावर.

माग चालू राहिला. खटक... खट-खट... खटक... खट.

धोट्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तो उठून काकांच्या घरी गेला आणि त्या साळ्यासमोर बसून त्याच्याकडे बघत राहिला. भुंकला नाही. त्यानं मान वर केली आणि असा गळा काढला, असा गळा काढला, की सगळ्या बोळाला वाटलं, काकांच्या घरी कोणी गेलं! चारही माग टाकून माणसं धावली. बायका पदर तोंडाला लावूनच आल्या. एवढी गर्दी बघून साळा घाबरून उभा राहिला, पाय पावडीत अडकला, आणि तोल सावरायला त्यानं जे धरलं तो नेमका ताणा होता. दीडशे-दोनशे धागे एका झटक्यात तुटले.

काका तोंडात पान घेऊन पळत आले तेव्हा सगळा मोहल्ला त्यांच्याकडे बघत होता.

पुढचे दोन दिवस काका एकेक धागा जोडत बसले. माग अर्थातच बंद. म्हणून दोन दिवस धोट्या त्यांच्या उंबऱ्यात बसून भुंकत होता.

"अरे याले कोणीतरी समजावून सांगा ना बाप्पा," काका रडकुंडीला आले होते, "मी काम करून राहिलो!"

*

महिन्याच्या शेवटी नागपूरचे शेठजी माल बघायला यायचे. शेठजी आले की घरात श्वास घ्यायची चोरी. ते एकेक लुगडं उजेडात धरायचे आणि त्यातली चूक हुडकायचे. नाही सापडली तर त्यांना चैन पडत नसे.

एकदा त्यांनी काठातून एक केस ओढून काढला. भुरकट सोनेरी केस. दोन बोटांत धरला आणि बाबांच्या नाकासमोर आणला.

"सदाशिव, ये क्या है?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी तोंड उघडलं. "कुत्..."

"कोसा होय शेठजी," माय म्हणाली.

"कोसा?"

"काठाले एक धागा कोशाचा टाकून पाह्यला. बरा नाही दिसून राहिला का?"

शेठजी दारापाशी गेले. तीस वर्षं कापडाच्या धंद्यात घालवलेला माणूस! त्यांनी तो केस उन्हात धरला. चिमटीत फिरवला. ओढून पाहिला. शेवटी नाकाशी नेला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"थोडा वास आहे," शेठजी म्हणाले, "पण असली कोशाले वास राहतेच. माल असली आहे! फक्त असा एक-एक धागा नका टाकत जाऊ, कंजूषपणा वाटते. टाकायचा तर पूर्ण काठ टाका!"

ते गेल्यावर बाबा कितीतरी वेळ खड्ड्यात झोपलेल्या धोट्याकडे बघत होते.

"पूर्ण काठ," ते म्हणाले, आणि पोट धरून हसत सुटले. माय हसता हसता चरख्यावरून कलंडली. आमच्या घरात एवढं हसू मी पुन्हा फार वेळा ऐकलं नाही.

*

मी मॅट्रिकला नापास झाले.

तेव्हा निकाल पेपरात छापून यायचा, नुसते नंबर. बोळात पेपर एकच यायचा, तो नारायणकाकांकडे. त्यांनी बोट फिरवत फिरवत तीनदा बघितलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा बघितलं, आणि पेपर माझ्याजवळ ठेवला. गणितानं घात केला होता. मी आंगणात भिंतीला टेकून बसले आणि रडायला लागले.

मग सांत्वनाला माणसं यायला लागली. देवा! त्यापेक्षा निकाल बरा होता. आमच्या बोळातले सगळ्यात म्हातारे विणकर धोंडबाजी. मागाच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलायचे. ते पार नदीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नापास झाली का? काही नाही होत! मी तं दुसरीतच नापास झालो!"

एवढ्यात धोट्या आला. माझा माग नव्हताच, तरी माझं काहीतरी बंद पडलंय हे त्याला कळलं असावं. त्यानं माझं तोंड चाटलं. मी लक्ष दिलं नाही. हात चाटला. मी हात काढून घेतला. मग तो जरा मागे सरला, जमिनीवर पसरलेल्या पेपराकडे गेला, नंबरांच्या रांगांवरून नाक फिरवलं आणि शांतपणे तंगडी वर केली.

"आरारारा!" काका ओरडले. "सारे पास झालेले भिजले!"

मला रडता रडता असं हसू फुटलं की उचकीच लागली.

ऑक्टोबरात मी परत बसले आणि पास झाले. त्या निकालाचा पेपर आला, तेव्हा मायनं आधी धोट्याला बांधलं, मग पेपर उघडू दिला.

*

एका वर्षी वैनगंगा आमच्या बोळात आली. मागाचे खड्डे पाण्याखाली गेले. जे हाताला लागलं ते घेऊन सगळा मोहल्ला उंचावरच्या शाळेत जाऊन राहिला.

तीन दिवस झाले. खायला मिळत होतं, पण झोप कोणालाच येत नव्हती. पुरुष माणसं बाकांवर गुडघे धरून बसलेली. ताणे गेले असतील, फण्या गेल्या असतील, लाकूड फुगलं असेल, हेच प्रत्येकाच्या डोक्यात. एकमेकांशी बोलत नव्हते, बोलले तर भांडत होते. धोट्याची अवस्था तर बघवत नव्हती. तो बाकांच्या रांगांमधून नुसता फिरत होता, तीन दिवस, तीन रात्री.

चौथ्या दिवशी दुपारी धोंडबाजी एका बाकावर बसले होते. त्यांचं त्यांनाही कळलं नसेल, पण त्यांचा पाय खालच्या फळीवर पडायला लागला आणि हात बाकावर. खटक-खट. खटक-खट.

धोट्या थबकला. त्यांच्या पायाशी गेला, स्वतःभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली पडला आणि घोरायला लागला.

"झोपला वो! झोपला!" बायका कुजबुजल्या.

"थांबू नका जी!" काका धोंडबाजींच्या कानात ओरडले, आणि मदत म्हणून स्वतःही शेजारच्या बाकावर सुरू झाले. मग बाबा. मग उरलेले दोघं. पाच बाकांवर पाच माग! वर्ग दणाणून गेला. आणि थोड्या वेळानं मी बघते तर काय, काकांची मान कलंडलेली. मग बाबांची. बायका भिंतीला टेकून, पोरं बायकांना टेकून, सगळी आडवी. एकटे धोंडबाजी डोळे मिटून चालूच होते, कारण बाकीचे थांबलेत हे त्यांना ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात हेडमास्तर तावातावानं आले. "हा काय गोंधळ लावला? बाकं मोडतील माझी! बंद करा!"

माझ्याशिवाय माय एकटी जागी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं. "गुरुजी, बंद नका करू. तीन दिवसानं झोपले बिचारे. तुमीपण टेका जरासे."

हेडमास्तर रागारागानं खुर्चीत बसले. दहा मिनिटांत त्यांचा चष्मा नाकावरून मांडीवर आला होता.

*

मग माय आजारी पडली. छातीचं दुखणं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण आराम द्या, घरात आवाज अजिबात नको.

मोहल्ल्यातल्या कोणाला सांगावं लागलं नाही. त्या दुपारी पाचही माग आपणहून बंद झाले. एवढी शांतता मी आमच्या बोळात कधी ऐकली नव्हती. नदीवरचं धुणं ऐकू येत होतं. धोट्याला तर काही सुचेना. एक माग बंद पडला तर एका दारात जाऊन भुंकायचं. पाचही बंद पडल्यावर कोणाला जाब विचारायचा? तो या उंबऱ्यातून त्या उंबऱ्यात पळाला, दमला आणि शेवटी बोळाच्या मधोमध बसला.

खाटेवरून मायनं हाक मारली, "कुसुम, कोण मेलं वो?"

"कोणी नाही माय."

"मंग माग काहून बंद?"

"डॉक्टरनं सांगतलं ना. तुले आराम पायजे."

"सांग त्याइले, मी जित्ती आहो अजून!" ती म्हणाली. "मेली का मंग करजा बंद. एक दिवस. एकच!"

मी बाहेर जाऊन सांगितलं. नारायणकाका हातातली पेटती बिडी टाकून मागावर धावले. जन्मात पहिल्यांदा! पाचही माग सुरू झाले. पाव तासानं मी आत डोकावले तर खाटेखाली धोट्या झोपला होता आणि खाटेवर माय.

तशी ती चार महिने काढू शकली, मागाच्या आवाजात. डॉक्टरांना आम्ही काही बोललो नाही.

*

दहाव्याला सगळे वैनगंगेच्या घाटावर. पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला. तिची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण पुढे येऊन हात जोडू लागला. मामा म्हणाले, कुसुमचं लग्न मी करून देईन. कावळा हलला नाही. बायका म्हणाल्या, सदाभाऊंच्या जेवणाचं आम्ही पाहू. नाही. शेवटी नारायणकाका डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वयनी, मी बिडी सोडतो!"

एक होता जवळ, तोही कावळा उडून गेला.

तेवढ्यात गर्दीच्या पायांमधून धोट्या आला. त्याला घरी बांधून ठेवला होता. गळ्यात कुरतडलेली दोरी तशीच लोंबत होती. तो सगळ्यांसमोरून सावकाश चालत गेला, पत्रावळीसमोर बसला आणि पिंड खाऊन टाकला. सगळा. पत्रावळसुद्धा चाटून स्वच्छ केली.

भटजींचा आ वासलेला. "हे... हे शास्त्रात नाही!"

"महाराज," काका म्हणाले, "दहा वर्षं तिनं पह्यली भाकर यालेच देल्ली. आता ते कावळ्याले कायले देते!"

आणि ओल्या कपड्यांनी उभी असलेली सगळी माणसं त्या घाटावर हसली. भटजींनी तोंड नदीकडे फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. फक्त बाबा हसले नाहीत.

*

मायनं सांगितलं होतं तसे माग एकच दिवस बंद होते. दुसऱ्या दिवशी चार सुरू झाले.

बाबाही बसले होते, नाही असं नाही. तेराव्यानंतर एका सकाळी ते खड्ड्यात उतरले. तिच्या वेळचं अर्धं लुगडं मागावर तसंच होतं, आणि धोट्यात तिनंच भरलेली शेवटची कांडी होती. ती संपेपर्यंत बाबा विणत गेले. कांडी संपली. त्यांचा डावा हात न बघता बाजूला गेला, आणि तिथंच राहिला. मग त्यांनी तो हात परत मांडीवर घेतला, खड्ड्यातून बाहेर आले आणि पुन्हा बसले नाहीत. मी कांड्या भरून टोपलीत ठेवत होते. त्यांनी टोपलीकडे पाहिलं नाही.

दीड महिना गेला. धोट्याचं आता काम एकच. आमच्याच उंबऱ्यात, घराकडे तोंड करून बसायचं आणि बाबांवर भुंकायचं. आवाज बसला तरी भुंकायचा. डोळे लाल झाले, फासळ्या दिसायला लागल्या. नारायणकाकांनी त्याला उचलून आपल्या खड्ड्यात नेऊन ठेवलं. "झोप ना राजा, माह्या पायावर झोप!" तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत आमच्या उंबऱ्यात.

मग नागपूरचे मामा आले. "कोण घेते आता लुगडे, दाजी? साऱ्या बायका नायलॉन नेसून राहिल्या. माग इका. चला नागपूरले. चौकीदाराची नोकरी पाहून ठेवली मी."

बाबांनी मान हलवली. मोहाडीच्या एका विणकरानं माग घ्यायचं कबूल केलं, गुरुवारी तो बैलगाडी घेऊन येणार होता. मला नागपूरची भीती वाटत नव्हती. बाबा तिथं कुठल्यातरी फाटकापाशी खुर्चीत बसतील आणि त्यांचा डावा हात असाच बाजूला जाईल, याची मला फार भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी मी विहिरीवर होते. बोळातून चार मागांचा आवाज येत होता, त्यावर धोट्याचं घोगरं भुंकणं. मग भुंकणं थांबलं. आणि मला पाचवा माग ऐकू आला.

मी एकटीनंच नाही, साऱ्या बोळानं ऐकला. काका बिडी हातात घेऊन दारात येऊन उभे होते. (सोडली होती म्हणे!) मी बादली तिथंच टाकून पळाले.

बाबा खड्ड्यात बसले होते. पाय पावड्यांवर, हात दोरीवर. खटक-खट, खटक-खट. धोटा इकडून तिकडे पळत होता, आणि लुगडं बोटभरही पुढे सरकत नव्हतं. खाली बाबांच्या उजव्या पायावर हनुवटी टाकून धोट्या पडला होता, गळ्यातली दोरी अजून तशीच.

तेवढ्यात बोळात बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या. मोहाडीचा तो माणूस भावाला घेऊन दारात आला. आवाज कोष्ट्याचा, खणखणीत. "रामराम सदाशिवभाऊ! सोडायचा ना माग?"

बाबा थांबले नाहीत. त्या माणसानं वाकून पाहिलं. तोही विणकरच, त्याच्या लगेच लक्षात आलं.

"आवो, धोट्यात तं कांडीच नाही! काय विणून राहिले?"

"हळू बोला," बाबा म्हणाले. हात चालूच होते. "दीड महिन्यानं डोळा लागला त्याचा."

त्या माणसानं खड्ड्यात पाहिलं. मग चपला हातात घेऊन तो पाय न वाजवता बाहेर गेला, भावाला खूण केली आणि दोघांनी रिकामी गाडी वळवली. बोळाच्या पार टोकापर्यंत दोघं दोन बाजूंनी चालत गेले, एकेका बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ मुठीत गच्च धरून.